भांगजन्य त्वचाप्रसाधने : वेष्टनावर काय वाचावे, प्रवासात काय टाळावे

अमेरिकेतील औषधदुकानांच्या फडताळांवर हाताच्या पंजासारखे हिरवे पान मिरवणाऱ्या मलमांच्या आणि सीरमच्या डब्या आता कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. मात्र एकसारखे पान छापलेल्या तीन डब्यांत तीन अगदी निराळी द्रव्ये असू शकतात. एकीत केवळ बियांचे तेल, दुसरीत कॅनाबिडिऑल अर्थात सीबीडी, आणि तिसरीत सीबीडीबरोबर नशा आणणाऱ्या टीएचसीचा अंश. तिन्हींची किंमत, गुण आणि कायदेशीर स्थिती वेगळी असते. हा भेद विशेषतः दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाने जाणून घ्यायला हवा.

प्रथम नावांविषयी. भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीच्या अनुक्रमे पानांपासून, फुलोऱ्यापासून आणि राळेपासून मिळणाऱ्या पदार्थांची नावे आहेत. पाश्चात्त्य बाजारातील 'हेम्प' हीही तीच वनस्पती. टीएचसीचे प्रमाण अत्यल्प असलेल्या वाणांना कायद्याने दिलेले ते नाव आहे. इंग्रजी-मराठी कोशांत हेम्पसाठी ताग किंवा अंबाडी असे प्रतिशब्द आढळतात आणि त्यातून गोंधळ वाढतो. ताग आणि अंबाडी ही पूर्णपणे निराळी धाग्याची झाडे आहेत. अंबाडीचे शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस' असले, तरी ते पानांच्या साधर्म्यावरून पडलेले आहे. आपल्या अंबाडीच्या भाजीचा या मलमांशी काही संबंध नाही.

घटकसूचीत 'कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल' असे लिहिले असेल, तर ते बियांचे तेल होय. त्यात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले विपुल असतात आणि कोरड्या त्वचेसाठी ते चांगले स्निग्ध द्रव्य आहे. परंतु त्यात सीबीडी जवळजवळ नसते. सीबीडी मुख्यतः फुलोऱ्यातून काढले जाते आणि सूचीत 'कॅनाबिडिऑल' असे स्वतंत्रपणे नोंदलेले असते. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत 'हेम्प' आणि मागे केवळ बियांचे तेल, अशा डबीला सीबीडीचा भाव देणे म्हणजे करडईच्या तेलाला केशराची किंमत मोजण्यासारखे आहे.

सीबीडीचेही तीन प्रकार मिळतात. 'आयसोलेट' म्हणजे शुद्ध स्वरूपातील एकटे सीबीडी. 'ब्रॉड स्पेक्ट्रम'मध्ये वनस्पतीतील इतर संयुगे ठेवून टीएचसी काढून टाकलेले असते, निदान तसा दावा असतो. 'फुल स्पेक्ट्रम'मध्ये टीएचसीचा अल्प अंश राहू दिलेला असतो. ही संयुगे एकत्रितपणे अधिक परिणाम साधतात असे विक्रेते सांगतात; त्वचाप्रसाधनांच्या बाबतीत तसे सिद्ध झालेले नाही.

मग उपयोग होतो का? प्रयोगशाळेतील चित्र आशादायक आहे. हंगेरीतील डेब्रेत्सेन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की सीबीडीमुळे मानवी तेलग्रंथींच्या पेशींतील स्निग्धद्रव्याची निर्मिती आणि दाह ही दोन्ही कमी होतात. मुरुमांवर नवे औषध मिळण्याची अपेक्षा त्यातून निर्माण झाली. मात्र बोटॅनिक्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या सीबीडी जेलची मुरुमांवरील दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०१९ मध्ये आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. औषधविरहित जेल लावणाऱ्यांनाही बराच गुण आला. हा निष्कर्ष ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे, कारण चांगले मलम लावल्याने येणारा आराम अनेकदा मलमाचा असतो, त्यात मिसळलेल्या महागड्या घटकाचा नव्हे. शिवाय सीबीडी अतिशय स्नेहविद्राव्य असल्याने त्याचा मोठा भाग त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातच अडकून राहतो. खोल सांध्यांपर्यंत ते पोहोचते, हा दावा साध्या मलमाच्या बाबतीत संशयानेच पाहावा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सीबीडीयुक्त औषध म्हणून आजवर केवळ 'एपिडिओलेक्स' या अपस्मारावरील पोटात घ्यावयाच्या द्रावाला २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. सौंदर्यप्रसाधनांना बाजारात येण्यापूर्वी अशी मान्यता लागतच नाही. त्यामुळे इसब, सोरायसिस किंवा संधिवात बरा करण्याचे आश्वासन देणारी डबी जागेवरच परत ठेवावी. असा दावा करणाऱ्या अनेक कंपन्यांना प्रशासनाने इशारापत्रे धाडली आहेत.

लेबलवरील आकड्यांवर किती विसंबावे, याचे उत्तर जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दिले. त्यांनी तपासलेल्या १०५ सीबीडी उत्पादनांपैकी, म्हणजे मलमे, लोशने, पट्ट्या आदींपैकी, ८९ वर सीबीडीचे एकूण प्रमाण छापलेले होते. त्यांतील केवळ २४ टक्क्यांवरील आकडा बरोबर होता. ५८ टक्क्यांत सीबीडी लिहिल्यापेक्षा जास्त, तर १८ टक्क्यांत कमी निघाले. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की ३७ उत्पादनांत टीएचसी सापडले आणि त्यांपैकी चारांवर 'टीएचसीमुक्त' असे लिहिलेले होते.

म्हणून निवड करताना लेबलपेक्षा विश्लेषण-प्रमाणपत्राला अधिक महत्त्व द्यावे. चांगला उत्पादक ते क्यूआर कोडद्वारे उपलब्ध करून देतो. त्यावरील बॅच क्रमांक आपल्या हातातील डबीशी जुळला पाहिजे. कंपनीने एकदाच करून घेतलेली जुनी तपासणी निरुपयोगी आहे. तपासणारी प्रयोगशाळा स्वतंत्र आणि आयएसओ १७०२५ मानांकित असावी. सीबीडी व टीएचसीच्या प्रमाणाखेरीज जड धातू, कीटकनाशके, द्रावकांचे अवशेष आणि सूक्ष्मजंतू यांचीही नोंद असावी, कारण ही वनस्पती जमिनीतील जड धातू सहज शोषून घेते. 'आढळले नाही' या शेऱ्याशेजारी यंत्राची किमान मोजमर्यादा किती, हेही पाहावे.

किमतीची तुलना मिलिग्रॅमवर करावी. ५० मिलिलिटरच्या डबीत ५०० मिलिग्रॅम सीबीडी म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, सुमारे एक टक्का. एकूण मिलिग्रॅमचा आकडाच न देणारी डबी तुलनेलाही पात्र नाही. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी लिमोनीन व लिनॅलूलयुक्त सुगंधी उत्पादने टाळावीत. हवेशी संयोग झाल्यावर ही द्रव्ये ॲलर्जी उत्पन्न करू शकतात. नवे मलम आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी वापरू नये, असा अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

आता कायदा. २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने शुष्क वजनाच्या ०.३ टक्के किंवा त्याहून कमी डेल्टा-९ टीएचसी असलेली वनस्पती अमेरिकेत अमली पदार्थांच्या व्याख्येतून वगळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही व्याख्या आवळली असून एका वर्षानंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पासून, तयार उत्पादनाच्या एका डबीत ०.४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक एकूण टीएचसी चालणार नाही, असे ठरले आहे. त्वचेवर लावण्याची उत्पादनेही त्यात येतात. फरक किती मोठा आहे हे गणितच सांगते : ५० ग्रॅमचे ०.३ टक्के म्हणजे १५० मिलिग्रॅम. फुल स्पेक्ट्रम मलमांचा साठा करून ठेवण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

अमेरिकेच्या विमानतळावर कायदेशीर हेम्प उत्पादन अडवले जाणार नाही. अडचण पुढच्या विमानतळावर येते. संयुक्त अरब अमिरातीत सीबीडीयुक्त वस्तू बाळगणे बेकायदेशीर आहे. ती कोणत्या देशात, कोणत्या पावतीवर विकत घेतली याला तिथे अर्थ नाही. सिंगापूरमध्येही मनाई आहे. हाँगकाँगने १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडीला धोकादायक औषधांत गणले आहे. जपान सीबीडीला परवानगी देतो, परंतु डिसेंबर २०२४ पासून तेलात दहा दशलक्षांश आणि पाण्याचा अंश असलेल्या द्रवांत दशमांश दशलक्षांश एवढीच टीएचसी-मर्यादा ठेवतो.

भारतातील स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाची व्याख्या फुलोऱ्याभोवती बांधलेली आहे. फुलोऱ्यापासून अलग केलेली पाने आणि बिया तिच्याबाहेर राहतात. म्हणूनच पानांपासून बनलेली, 'विजया' नावाने ओळखली जाणारी आयुर्वेदिक औषधे परवान्यानिशी विकली जातात आणि नोव्हेंबर २०२१ पासून बियांच्या तेलाला खाद्य म्हणूनही मान्यता आहे. परंतु अमेरिकन सीबीडी बहुधा फुलोऱ्यातून आलेले असते. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर पान आणि फूल यांतला भेद सिद्ध करण्याची वेळ येऊच नये, हे बरे. आईच्या गुडघ्यांसाठी मलम नेण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजी भारतातच वैद्याच्या सल्ल्याने परवानाधारक औषध घ्यावे.

नोकरीतील चाचण्यांविषयी प्रश्न वारंवार विचारला जातो. साध्या मलमातून रक्तात जाणारे टीएचसी नगण्य असल्याने लघवीची चाचणी सदोष येण्याची शक्यता कमी आहे. मात्र द्रव्य त्वचेतून रक्तात पोहोचवण्यासाठीच बनवलेल्या पट्ट्यांना हे लागू नाही. वैमानिक, ट्रकचालक आणि अमेरिकी परिवहन विभागाच्या नियमांखालील इतर कर्मचाऱ्यांना 'मी फक्त सीबीडी वापरले' हे स्पष्टीकरण देऊन सुटता येत नाही, असे त्या विभागाने २०२० मध्येच कळवले आहे. त्यांच्यासाठी आयसोलेट किंवा बियांचे तेल हाच पर्याय उरतो, आणि त्यातल्या त्यात बियांचे तेल.