पिको
साडी किंवा ओढणीची कापलेली कड बारीक वळवून दाट टाक्यांनी बंद करण्याची शिलाई. कोल्हापुरात महाद्वार रोडवर साडी घेतली की ‘फॉल-पिको’ ओघानेच येते. साडीचे लांब काठ मागावरच बांधले जातात. पिको लागतो तो आडव्या टोकांना. हे काम बहुधा झिगझॅग यंत्रावर होते. चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकवर करायचे तर डावी सुई काढून टाक्याची लांबी १ ते १.५ मिमी ठेवतात आणि खालच्या लूपरच्या दोऱ्याचा ताण वाढवतात. कड आत गुंडाळली जाते ती या ताणामुळेच. तो कमी पडला, तर साधे इंटरलॉकच दिसते. जॉर्जेट, शिफॉनवर पिको खुलतो, जाड कापडावर ओबडधोबड वाटतो. पदराला गोंडे बांधायचे असल्यास ते टोक मोकळेच ठेवतात.