स्वहस्ते श्मश्रू आणि गरिबाचा वस्तरा

आपल्या समाजाचा इतिहास लिहिण्यास बसले की लेखणी बहुधा संत सेना महाराजांपासून निघते, १६५९ साली प्रतापगडच्या पायथ्याशी जिवा महाला यांनी गाजविलेल्या पराक्रमापाशी क्षणभर विसावते आणि तेथून थेट चालू वर्षाच्या अहवालावर येते. ज्या हत्याराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याच्याविषयी मात्र चार ओळी लिहिण्याचे कोणास सुचत नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, या हेतूने आम्ही वस्त्र्याचा, आणि त्यातही अल्प पैशात वस्तरा हाती धरणाऱ्या माणसाचा, इतिहास येथे मांडीत आहोत.

'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा' यावरून आलेला आहे. वस्तू मात्र त्याहून फार जुनी. 'क्षुर' हा शब्द ऋग्वेदात येतो. आपल्या गावगाड्यात वस्तरा घरोघरी नसे. तो धोकटीत असे, आणि धोकटी बलुतेदाराच्या खांद्यावर. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा, धार लावण्याची पथरी आणि चामड्याचा पट्टा एवढ्या भांडवलावर एक कुटुंब सारा गाव सांभाळी आणि सुगीत धान्याच्या रूपाने बलुते घेई. गावकऱ्याला स्वतः वस्तरा घेण्याचे कारणच नव्हते. ज्या देशांत प्रत्येक वेळी रोख पैसा मोजावा लागे, तेथे मात्र 'आपली दाढी आपणच का करू नये?' हा प्रश्न लवकर उभा राहिला.

लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स हा त्याचा उत्तम साक्षीदार होय. हा गृहस्थ रोजनिशी लिहीत असे. १६६२ साली त्याने सच्छिद्र हलक्या दगडाने दाढी घासून पाहिली. जानेवारी १६६४ मध्ये त्याने वस्तरा हाती घेतला आणि यात पैसा व वेळ दोन्ही वाचतात, सबब हा क्रम आपण पुढे चालू ठेवणार, असे नमूद करून ठेवले. स्वहस्ते दाढी करणाऱ्याचे मुख्य कारण काटकसर हेच होते, याचा याहून स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

शंभर वर्षांनी या काटकसरीचे शास्त्र झाले. पॅरिसमधील हत्यारे घडविणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यात दगडांची पारख आणि पट्ट्याचा उपयोग यांनाही स्थान आहे. पेरे हा विकणारा असूनही केवळ वस्तरा विकून थांबला नाही. धार राखता आली नाही तर वस्तरा व्यर्थ, हे त्याने ओळखले होते. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन तर आपल्या आत्मचरित्रात त्याहून पुढे जातात. गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा त्याला दाढी करण्यास व वस्तरा नीट राखण्यास शिकविले तर त्याच्या सुखात अधिक भर पडेल, असा त्यांचा अभिप्राय आहे. कारणे सांगताना मात्र न्हाव्याची वाट पाहणे, त्याची कळकट बोटे, तोंडाची दुर्गंधी आणि बोथट वस्तरे यांचा उद्धार करण्यास ते विसरले नाहीत. हे वाचून आम्हास राग यावा, परंतु आला नाही. आपल्यातही असे दुकानदार होते आणि आहेत, हे कोण नाकारील?

स्वस्ताईचा मोह किती घातक असतो, हेही त्याच काळात दिसून आले. 'पीटर पिंडार' या टोपणनावाने लिहिणारे इंग्रज विडंबनकार जॉन वोल्कट यांची वस्तरे विकणाऱ्यावर एक कविता आहे. बाजारात एक जण अठरा पेन्सला बारा वस्तरे विकतो. खेडवळ हॉज ते हौसेने घेतो आणि घरी जाऊन गाल सोलून घेतो. जाब विचारता विक्रेता शांतपणे सांगतो की, हे वस्तरे दाढीसाठी नव्हेतच. ते विकण्यासाठी केलेले आहेत. आज चकाकत्या डबीतून येणारा मऊ पोलादाचा वस्तरा पाहिला की आम्हास या हॉजची हटकून आठवण होते. एक ना धड, भाराभर चिंध्या!

चांगल्या वस्त्र्याचे मर्म पोलादात आहे, आणि या पोलादाच्या कथेत आपल्या मुंबईचे नाव येते. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने शेफिल्डजवळ मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची रीत बसविली. शेफिल्डच्या वस्त्र्यांची कीर्ती त्यातून वाढली. दक्षिण हिंदुस्थानात मुशीतील पोलाद त्याच्या शतकानुशतके आधीपासून होत होते. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने विलायतेस धाडले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. निबंधाच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईस होते असे म्हटले आहे. वास्तविक मुंबई हे केवळ पाठवणीचे ठिकाण. पुढे जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी याच पोलादाच्या अभ्यासातून नवे मिश्र पोलाद केले, आणि विजेच्या शास्त्रात अजरामर झालेल्या फॅरडे यांनी त्याचे काही वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून ते पातळ व हलके केले. पुढे जुन्या दुकानांतून शेफिल्ड आणि झोलिंगेन हीच दोन नावे मानाने घेतली जात.

वस्तरा हातात असणे म्हणजे नकार देण्याची शक्तीही हातात असणे, हे १८९० साली मुंबईत दिसले. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. रोजीवर पाणी सोडून केलेला हा निश्चय होता. आमच्या मते आपल्या इतिहासातील हे पान प्रतापगडाच्या खालोखाल ठेवण्यासारखे आहे.

१९०३ साली किंग जिलेट यांचे पाते बदलण्याचे यंत्र बाजारात आले. पहिल्या वर्षी अवघी ५१ यंत्रे खपली. किंमत ५ डॉलर, म्हणजे मजुराला न परवडणारी. साध्या वस्त्र्याला ते लगेच हटवू शकले नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख यंत्रे घेतली, आणि घरी परतलेल्या शिपायाबरोबर ही सवय घरोघर गेली. आपल्या दुकानांत जुना वस्तरा त्यानंतरही अनेक वर्षे टिकला. १९८६ साली हिंदुस्थानात एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. पुढील काळात गिऱ्हाईकागणिक नवे अर्धे पाते बसविण्याची चाल सर्वत्र पडली. ती योग्यच आहे. एकाचे रक्त लागलेली धार दुसऱ्याच्या गालास लागता कामा नये. परंतु तिच्याबरोबर पथरी गेली, पट्टा गेला, आणि धार लावण्याची विद्या एका पिढीत हातातून निसटली.

अलीकडे काही तरुण घरी स्वतःपुरता वस्तरा वापरू इच्छितात आणि आपल्याच दुकानात येऊन विचारतात. आपल्या मुलांना उत्तर देता यावे, म्हणून जुन्या कारागिरांची रीत सांगतो. ज्याच्यापाशी पैसे थोडे, त्याने आरंभ अर्ध्या पात्याच्या वस्त्र्यानेच करावा. धार लावण्याची चिंता नसल्याने लक्ष हातावर राहते. कातडी ताणून धरणे, पाते सुमारे तीस अंशांत ठेवणे, जोर न लावता वस्त्र्याच्या वजनाने काम करणे, हे त्यात साधते. प्रथम फुगा फुगवून त्यावर साबणाचा फेस लावावा व तो न फोडता उतरवावा. नंतर आठवडाभर केवळ गाल. हनुवटी व गळा सर्वांत शेवटी.

हात बसला म्हणजे जुना वस्तरा शोधावा. मूठ फुटलेली असली तरी बिघडत नाही, ती बदलता येते. पात्यास तडा असेल, किंवा गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत गेले असतील, तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. वस्तरा दगडावर आडवा टेकविला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. कोन पाठीनेच ठरवून दिलेला असतो. म्हणून पाठ एकीकडे अधिक झिजली आहे काय, हे आधी पाहावे. पहिली धार जाणत्याकडून लावून घ्यावी. तेथे चार पैसे अधिक गेले तरी चालतील. पट्ट्यासाठी रंग न दिलेला, सपाट चामड्याचा कमरपट्टाही पुरतो. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. आणि परतताना पाते नेहमी पाठीवरून उलटवावे, नाही तर पट्टा चिरलाच म्हणून समजा. रोज दाढीपूर्वी तीस-चाळीस फेरे दिले तर दगडाची गरज महिनोन्‌महिने लागत नाही. दाढीनंतर गालास तुरटी फिरवावी. वस्तरा पुसून कोरडा करावा व तेलाचा पुसट हात देऊन ठेवावा, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात.

ज्या सभासदांच्या माळ्यावर आजोबांची धोकटी अद्याप पडून असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. पात्याच्या मुळाशी, मुठीलगत, गावाचे नाव कोरलेले आढळेल. आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला, मधोमध झिजलेला एखादा गुळगुळीत दगड असेल, तोही टाकू नये.