रणांगणावरून बाजारात

अशोक लेलँडचा ट्रक आपल्या हमरस्त्यांवर इतका ओळखीचा झाला आहे, की ‘लेलँड’ हे मुळात इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या एका गावाचे नाव, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मद्रासच्या अशोक मोटर्सला ते १९५५ मध्ये जोडले गेले. त्या गावातल्या कारखान्याचा मागोवा घेताना मी पहिल्या महायुद्धानंतरच्या एका पेचापाशी येऊन थांबलो. युद्ध संपल्यावर लष्कराच्या ट्रकांचे करायचे काय?

हे ट्रक पुरते लष्करी कधीच नव्हते. युद्धापूर्वी ब्रिटिश युद्धखात्याने एक काटकसरीची योजना आखली होती. ठरावीक नमुन्याचा ट्रक घेणाऱ्या व्यापाऱ्याला सरकार अनुदान देई. मोबदल्यात, युद्ध सुरू होताच त्याने तो सरकारच्या हवाली करायचा. शांततेत पिठाची पोती, युद्धात तोफगोळे. लेलँडचा भरीव रबरी चाकांचा तीन टनी ट्रक या योजनेतूनच घडला. पुढे विमानदलाने तो हजारोंच्या संख्येने वापरला.

लंडनच्या पश्चिमेला स्लाउ येथे लष्करी वाहनांच्या दुरुस्तीचे आगार उभारले गेले होते. एप्रिल १९२० मध्ये एका खासगी कंपनीने ते जागा, इमारती आणि सुमारे १७,००० वापरलेल्या वाहनांसह ७० लाख पौंडांहून अधिक किमतीला घेतले. वाहने दुरुस्त करून विकण्याचा तिचा धंदा काही वर्षे चालला. मग त्याच जागेवर औद्योगिक वसाहत उभी राहिली.

लेलँडला मात्र धास्ती पडली. खिळखिळे लेलँड स्वस्तात मिळू लागले तर नवे कोण घेणार? आणि ते वाटेत बंद पडले तर नाव कुणाचे जाणार? कंपनीने आपलेच ट्रक परत विकत घेतले. लंडनजवळच्या हॅम येथील विमान कारखान्यात ते पूर्ण खोलले, पुन्हा जुळवले आणि हमीसह विकले. नाव राहिले, पण या खटाटोपाचा आणि लगोलग आलेल्या मंदीचा भार कंपनीला फार जड गेला.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो घेणारा. लष्करात गाडी चालवायला शिकलेला सैनिक हाती थोडी रक्कम घेऊन घरी परतला होता. सप्टेंबर-ऑक्टोबर १९१९ च्या रेल्वे संपात ट्रकांनी अन्नधान्य पोहोचवलेले लोकांनी पाहिले होते. या धंद्यात शिरायला परवाना लागत नव्हता. जुना ट्रक घेतला की माणूस मालकही झाला आणि चालकही. पण स्वस्तात घेतलेल्या गाडीची झीज भाड्यात धरायची असते, हा हिशेब अनेकांना उमगला नाही. पेट्रोल आणि पोट यांपुरते सुटले की भाडे परवडले, असा समज. दर घसरले, तास वाढले आणि गाडी मोडली की धंदाही मोडला.

रेल्वे कंपन्यांचीही ओरड सुरू झाली. अखेर १९३३ च्या रस्ते व रेल्वे वाहतूक कायद्याने मालवाहतुकीला ए, बी आणि सी असे परवाने लावले. भाड्याने माल वाहू पाहणाऱ्या नव्या माणसाला आता गरज सिद्ध करावी लागे आणि रेल्वे त्यावर हरकत घेऊ शके. युद्धातल्या उरलेल्या ट्रकांनी जे दार उघडले, ते बंद होण्याचे एक कारणही तेच ठरले, असे मला वाटते.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट वेगळी दिसते. तोफा ओढणारा एईसी कंपनीचा ‘मॅटॅडोर’ (आपल्याकडच्या टेम्पो मॅटॅडोरशी त्याचा संबंध नाही) लिलावात निघाला, तेव्हा तो मुख्यतः अवघड कामांसाठी घेतला गेला. चारही चाकांना मिळणारी ताकद आणि तारेचा दोर ओढणारी विंच यांमुळे लाकूडवाल्यांनी त्याच्यामागे यारी बसवून जंगलातले ओंडके काढले. बस कंपन्यांनी बंद पडलेल्या गाड्या ओढायला तो ठेवला. त्याचे डिझेल इंजिन त्याच कंपनीच्या बसच्या जातीचे असल्याने आगारातल्या मिस्त्रीला ते परके नव्हते.

यातले काही मॅटॅडोर कित्येक दशके राबले. पहिल्या युद्धातल्या ट्रकांनी माणसांना मालक केले. त्यातले किती जण मालक म्हणून टिकले, हा प्रश्न इतिहासाने ट्रकांच्या आयुर्मानाइतकाच आस्थेने विचारायला हवा.