मालक परत आला तर?

संगणक बराच वेळ रिकामा असतो. आपण चहाला गेलो, तरी यंत्र सुरूच असते.

हा वाया जाणारा वेळ मोठ्या आकडेमोडीसाठी वापरता येईल का? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लिट्झको, लिव्हनी आणि मुटका यांनी १९८८ मध्ये ‘कॉन्डॉर’ या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. मोकळे यंत्र हेरून रांगेतले काम त्याला द्यायचे, हे तिचे काम.

पण यंत्र कुणाच्या तरी टेबलावरचे! मालक परत आला की कॉन्डॉर कामाची त्या क्षणाची स्थिती जतन करून ते दुसऱ्या मोकळ्या यंत्रावर नेई. पुस्तकात खूण ठेवली की पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागत नाही, तसेच हे.

दुसरा प्रश्न न्यायाचा. एकानेच शेकडो कामे लावली, तर दोनच कामे असणाऱ्याने किती थांबायचे? म्हणून जास्त यंत्रे वापरणाऱ्याचा अग्रक्रम उतरत जाई, थांबलेल्याचा चढत जाई.

अशा रीतीने २३ यंत्रांतून एका महिन्यात सुमारे २०० यंत्र-दिवसांचे काम निघाले.

१९९० च्या दशकाअखेरीस निरनिराळ्या संस्थांचे संगणक जोडणारी ‘ग्रिड’ची कल्पना पुढे आली. सर्नच्या प्रयोगांसाठी उभारलेल्या ग्रिडमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. तिथेही प्रश्न तेच: यंत्र कुणाचे, पाळी कुणाची? आपले यंत्र हवे तेव्हा परत मिळेल, ही खात्री असली तरच माणूस ते इतरांना देतो. वेगाचा विचार त्यानंतरचा.