बारा शेअरवाल्यांचं घराणं

मे 1970. डेट्रॉइटला जनरल मोटर्सची वार्षिक सर्वसाधारण सभा. कंपनीचे एकूण शेअर 28 कोटींच्या वर, आणि तिला जाब विचारायला आलेल्या तरुण वकिलांच्या गटाकडे मोजून 12. तेही नफ्यासाठी घेतलेले नव्हते. शेअर असला की सभेत ठराव मांडता येतो, एवढ्यासाठीच घेतलेले. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांच्या तालमीतली ही मंडळी. मागण्या दोन: लोकहिताकडे पाहणारे तीन संचालक मंडळावर घ्या, आणि कंपनी समाजाशी कशी वागते हे तपासणारी समिती नेमा. दोन्ही ठरावांना तीन टक्केसुद्धा मतं पडली नाहीत. आपल्या निवडणुकीच्या भाषेत अनामत जप्त.

गंमत पुढे आहे. जानेवारी 1971 मध्ये कंपनीने लिऑन सलिव्हन यांना आपणहून संचालक केलं. हे फिलाडेल्फियातले बॅप्टिस्ट पाद्री, आणि त्या मंडळावरचे पहिले कृष्णवर्णीय. जे कारखानदार कृष्णवर्णीयांना नोकरी देत नाहीत त्यांचा माल घ्यायचा नाही, अशी मोहीम त्यांनी साठच्या दशकात शहरातले शेकडो पाद्री जोडून चालवली होती. असा माणूस शोभेपुरता खुर्चीत बसेल, असं कुणाला वाटलं असेल तर ते चार महिन्यांतच निकालात निघालं.

नैतिक गुंतवणूक म्हणजे अलीकडच्या फंडवाल्यांनी काढलेलं खूळ, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. तिचं कूळ शेअरबाजारात सापडतच नाही. ते सापडतं चर्चमध्ये. त्याच फिलाडेल्फियात 1758 साली क्वेकर पंथीयांच्या वार्षिक सभेने ठरवलं, की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदाला पंथाच्या कारभारात भाग घेता येणार नाही आणि त्याची देणगीही स्वीकारायची नाही. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पापाचा निषेध सगळेच धर्म करतात, आलेला पैसा परत करणारे थोडे. त्याच सुमारास इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली पैशाच्या वापरावर प्रवचन करत होते: कमवा, पण शेजाऱ्याच्या शरीराला, मनाला, चीजवस्तूला धक्का लावून नव्हे. मद्य गाळणाऱ्यांना त्यांनी नाव घेऊन झोडलं.

या घराण्याची पहिली शाखा सोवळ्याची. दारू, तंबाखू, जुगार यांना शिवायचं नाही, की झालं. ही यादी वैयक्तिक व्यसनांची होती. कंपनी आपल्या मजुराला काय देते, धूर कुठे सोडते, हे त्यात बसत नव्हतं.

ते बसवलं व्हिएतनाम युद्धाने. डाऊ केमिकल अमेरिकी सैन्याला नापाम हे माणसं जाळणारं रसायन पुरवत होती. ल्यूथर टायसन आणि जॅक कॉर्बेट या दोन मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी ऑगस्ट 1971 मध्ये पॅक्स वर्ल्ड फंड काढला, युद्धसामग्रीच्या कंपन्या वगळून. सुरुवातीची गंगाजळी जेमतेम लाखभर डॉलर. डॉक्टरांच्या एका संघटनेने मात्र उलटा रस्ता धरला. त्यांना डाऊचे काही शेअर भेट मिळाले होते. ते विकून हात झटकण्याऐवजी त्यांनी 1968 मध्ये ठराव पाठवला: माणसांवर वापर होणार नाही अशी खात्री असल्याखेरीज नापाम विकू नका. कंपनीने तो सभेपुढे ठेवायला नकार दिला, शेअरबाजाराच्या नियामकानेही तिची पाठराखण केली, म्हणून डॉक्टर न्यायालयात गेले. 1970 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. 1971 मध्ये डाऊने ठराव छापला. मतं तीन टक्क्यांच्या आत. नापामचं उत्पादन तिने त्याआधीच थांबवलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा डेट्रॉइट. एपिस्कोपल चर्चचे प्रमुख बिशप जॉन हाइन्स जनरल मोटर्सच्या सभेत ठराव घेऊन उभे: वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. कंपनीचा तिथे पोर्ट एलिझाबेथमध्ये कारखाना होता. मग सलिव्हन उठले आणि आपल्याच मंडळाच्या विरोधात, ठरावाच्या बाजूने बोलले. या कंपनीत संचालकाने भर सभेत असं करणं हे आक्रीतच होतं. मतं पडली दीड टक्क्याच्या आत.

सलिव्हन यांनी 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी सहा तत्त्वं लिहिली. पहिलं तत्त्व जेवणाची जागा, स्वच्छतागृह आणि कामाची जागा गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळी ठेवू नका, एवढंच होतं. पण तिथल्या कायद्याशी त्याची थेट टक्कर होती. टीकाकार म्हणाले, यामुळे कंपन्यांना तिथेच राहायला सबब मिळाली. त्यात तथ्य होतं. 1987 मध्ये खुद्द सलिव्हन यांनी ती तत्त्वं अपुरी ठरवून संपूर्ण माघारीची मागणी केली. जनरल मोटर्सने तोवर तिथला धंदा विकायला काढला होता. विकून निघावं की राहून भांडावं, या घरातला तंटा तेव्हापासून मिटलेला नाही.

पुढचा पसारा भराभर वाढला. 1984 मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्यूअर्डशिप फंड निघाला; काढणारी फ्रेंड्स प्रॉव्हिडंट ही 1832 साली क्वेकरांनीच स्थापलेली विमा संस्था. 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालातून ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज, कारभार) ही तीन अक्षरं रूढ झाली, आणि पाद्र्यांच्या प्रश्नांची जागा विश्लेषकांच्या गुणांकनाने घेतली. माझ्या मते तिथेच घराण्याचा तोंडवळा बदलला. गुण देणाऱ्याला सभेत उभं राहावं लागत नाही.

सोवळ्याच्या शाखेचा आजचा कारभारी म्हणजे नॉर्वेचा सरकारी निधी. नीतिमंडळाच्या सल्ल्यावरून त्याने 2007 मध्ये वेदांता या खाणकंपनीचे शेअर विकले, 2010 मध्ये इंग्लंडच्या चर्चनेही तेच केलं. मुद्द्यांमध्ये ओडिशातला प्रकल्प आणि तिथल्या आदिवासींचे हक्क होते. मात्र त्या प्रकल्पासाठीच्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीला निर्णायक नकार मिळाला तो 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून विचारल्यावर 12 ग्रामसभांनी एकमुखाने नाही म्हटलं तेव्हा.

आणि आपल्याकडचा 12 शेअरवाला? सभेत त्याला बोलता येतं, पण स्वतःचा ठराव मांडायचा तर कंपनी कायद्याप्रमाणे मतांचा दहावा हिस्सा पाठीशी लागतो. अमेरिकेत 2,000 डॉलरचे शेअर तीन वर्षं बाळगले तरी पुरतं. फंडातून गुंतवणूक केली असेल तर मत त्याचं नसतंच, ते फंडाचा व्यवस्थापक देतो. सेबीने म्युच्युअल फंडांना हे मतदान सक्तीचं केलं आहे आणि कोणत्या ठरावावर काय मत दिलं, का दिलं, हे संकेतस्थळावर टाकावं लागतं. आपल्या फंडाच्या नावात ‘ईएसजी’ असेल तर त्या तक्त्यातला कारणांचा रकाना आधी वाचावा.