नाड्यावर

तुमचा नंबर सातवा. पुढे लोडिंगचे भाऊ होते, ते दुसऱ्याच हिसक्याला फुगवलेल्या गादीवर पालथे पडले आणि अकाउंट्सच्या ताई हसून हसून खाली बसल्या. द्राक्षाचा हंगाम संपला, शेवटचा कंटेनर गेला, म्हणून पॅकहाउसने पिंपळगावात महामार्गालगतच्या लॉन्सवर जेवण ठेवलंय. टोलनाक्याकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न इथपर्यंत येतात. मांडवाच्या कडेला नाशिकहून भाड्याने आणलेला यंत्राचा बैल.

जवळ गेल्यावर तुमच्या सगळ्यात आधी लक्षात येतं ते हे, की त्याला वशिंड नाही. मग जू ठेवायचं कुठे? बनवणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसणार. बैल टेक्सासच्या वळणाचा. रोडिओवाल्यांच्या सरावासाठी केलेलं हे यंत्र तिथल्या पासाडीना गावच्या गिलीज क्लबात करमणुकीला लागलं, 1980 च्या ‘अर्बन काउबॉय’ सिनेमात जॉन ट्राव्होल्टा त्यावर बसला आणि मग त्याला देशोदेशी गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे बैलावर कोण बसतं? पोरं बसतात ती म्हशीवर. बैलाच्या पाठीवर टांग टाकली असती तर म्हाताऱ्यांनी पायातलं काढलं असतं. बैलाच्या मागे मात्र बसायचे. कुठे, ते आता कळेल.

“पट्टा धरा, दुसरा हात वर,” यंत्रावरचा पोरगा सांगतो आणि खटका ओढतो.

पहिला हिसका कमरेत. दुसऱ्याला लॉन्सचे दिवे एकमेकांत कालवतात. “धर, धर!” ओरडणारे आवाज मागे पडतात. यंत्राची घरघर बारीक होत जाते, मग लाकडी होते. कुर्रर्र, कुर्रर्र. थंडी एकदम अंगात शिरते. ओल्या चामड्याचा आणि शेणाचा वास येतो.

डोळे उघडता तर अंधार. पहाटेचे चार, माघ महिना, साल 1950 च्या आगेमागे. हातात पट्टा नाही, नाडा आहे. मनगटाएवढा जाड, ओला, ताणून थरथरणारा. पुढे दोन डांगी बैल, चांद्या आणि काजळ्या, पांढऱ्यावर काळे ठिपके. बाजूला घोंगडी पांघरलेले नाना.

“नीट बस की पोरा. वजन पडू दे.”

तुम्ही आडवे बसता, बैलांच्या लगेच मागे. बैल धावेवरून उतरायला लागतात आणि नाडा तुम्हाला झोके देतो. मागे विहिरीत चामड्याची मोट वर यायला लागली आहे, तिचं ओझं नाड्यावरून बैलांच्या खांद्यावर आलंय आणि उतरणीवर तुमचं वजन त्यांच्या बाजूने ओढतंय. मघाशी ते यंत्र तुमचं वजन फेकून द्यायला बघत होतं. इथे ते हवंय. नाना तर म्हणतात, तू फारच हलका आहेस.

विहीर सहा परस खोल, म्हणून धावही जवळपास तेवढीच लांब. बैल टोकाला पोचले की मोट वर आलेली असते. सोंदूर नावाचा बारका दोर मोटेची सोंड खाली करतो आणि पाणी धबाल्‌दिशी थारोळ्यात पडतं, तिथून पाटात. दूर अंधारात कांद्याच्या वाफ्यांत कुणीतरी बारं धरलंय. “भरला!” अशी हाक आली, की पाणी पुढच्या वाफ्याला.

आणि इथेच तुम्ही आपटता. मोट ओतली की नाडा सैल पडतो. त्याच्या क्षणभर आधी उठायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. नाना खो खो हसतात.

मग बैल वळत नाहीत. उलट्या पावलांनी, मागे मागे, चढ चढतात. मोट पुन्हा आत जाते, भप्पकन पाणी पिते. नाना गाणं धरतात. उतरताना ओळ लांबते, चढताना तुटते, बैलांना ती पाठ असावी. तुम्ही दहा खेपा करता, वीस करता. विसाव्या खेपेला आपटत नाही.

उजाडल्यावर काजळ्याच्या मानेवर हात ठेवून बघता. खांद्यावर टाचेसारखा कडक घट्टा. पोळ्याच्या आदल्या दिवशी हाच खांदा हळद आणि तूप लावून मळतात. एवढी सकाळ घालवल्यावर ती मळणी हौसेची वाटत नाही. आणि एवढं करून भिजले किती, तर काही गुंठे. मोटेच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना मी एकदा माघातल्या पहाटे धावेवर उभं करीन, मग बोलू.

लांबच्या कुठल्याशा मळ्यातून ठकठक ऐकू येते. तेलावरचं इंजिन. नाना कान देतात.

“त्याला चारा लागत नाही म्हणे,” असं म्हणून ते चांद्याकडे बघत राहतात. थोड्याच वर्षांत मोटेच्या जागी मोटर येणार आहे, एक अक्षर वाढून. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुम्ही बोलत नाही. पुढची खेप सुरू झालेली असते. नाडा ताणतो, तुम्ही बसता, बैल उतरतात, सोंड खाली येते आणि

गादी. पाठीवर. वर लॉन्सचे दिवे.

“नऊ सेकंद!” पोरगा ओरडतो. रोडिओत आठ सेकंद टिकावं लागतं, म्हणजे तुम्ही पास. ताई धावत मोबाइल दाखवायला येतात. व्हिडिओत शेवटी तुम्ही फेकले जाताना दिसत नाही. हिसक्याच्या क्षणभर आधी तुम्हीच उठायला बघताय.

“उठलात कशाला हो? अजून टिकला असतात,” ताई म्हणतात.

जेवणाच्या रांगेकडे जाताना लॉन्सच्या कोपऱ्यात जाळी टाकलेली जुनी विहीर लागते. आत मोटर आहे, वर पाइप. काठावरून आत डोकावणारे दोन दगड अजून जागेवर आहेत. चाक त्यांच्यामध्ये असायचं. धाव मात्र मुरूम टाकून सपाट केली आहे, पार्किंगसाठी. तुमच्या मळ्यातली धाव अजून बुजली नसेल, तर बुजवण्याआधी एकदा पावलांनी मोजून ठेवा.