‘नटसम्राट’ आणि नटाचे चरित्र

सातारा येथे १९२७ मध्ये जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी शल्यवैद्याचा व्यवसाय सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील निवृत्त नट गणपतराव बेलवलकर त्यांनी साकारला. पात्राची कारकीर्द जेथे संपते, तेथेच नटाची सुरू होत होती. बेलवलकर गतवैभवाच्या स्मृतींवर जगतो. लागूंपाशी हौशी रंगभूमीचा अनुभव असला, तरी तसे गतवैभव नव्हते. ते त्यांना वाचिक अभिनयातूनच निर्माण करावे लागले. ‘पिंजरा’ (१९७२) ते ‘सिंहासन’ (१९७९) आणि ॲटनबरोंच्या ‘गांधी’तील (१९८२) गोखले, हा प्रवास त्यानंतरचा. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. भूमिकेला नटाच्या चरित्राचे प्रतिबिंब मानणारी समीक्षा येथे अपुरी ठरते.